यांचा साधा श्वास

पनवेल,
गौरी-गणपती गेल्यानंतरचा रविवार

ती. सुनंदावन्संना,

शशिकलाचा वाकून नमस्कार (उजवा गुडघा परवानगी देतो तेवढाच वाकून, उरलेला मनाने केला आहे असं समजावं). तुमची कंबर कशी आहे? कराडला पाऊस उघडला का? आणि कानाचं नवं यंत्र तुम्ही लावता की पहिल्यासारखंच कपाटात जपून ठेवलंय? जपून ठेवलं असलं तरी मी काही म्हणणार नाही, कारण त्यामुळेच इतक्या वर्षांनी आज मी हातात पेन घेतलंय. फोनवर तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी बोलले, की जे यांच्या कानावर जाऊ नये ते यांच्यासकट सगळ्या बिल्डिंगला कळतं. आणि फोन वाजला की हे हटकून समोर येऊन बसतात, हातात पेपर, आणि पेपर उलटा. म्हणून पत्र. यांना सांगितलंय की वन्संना मिरचीच्या लोणच्याची कृती लिहून पाठवतेय. (ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते, हे यांच्या लक्षात आलेलं नाही.)

आधी शेवट सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मधली पानं उडवणार नाही. तुमचा भाऊ बरा आहे. बरा म्हणजे अगदी ठणठणीत नाही, पण जेवतो, हिंडतो, आणि मी सांगितलेलं ऐकत नाही, तेव्हा तसं घाबरण्यासारखं काही नाही. आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर यांनी तळ्याकाठच्या बागेत सकाळचा प्राणायामाचा वर्ग सुरू केला. पहिल्यांदा चार म्हातारे यायचे, आता चाळीसएक माणसं येतात आणि यांना गुरुजी म्हणतात. गुरुजी! ज्या माणसाला घरात बल्ब बदला म्हणून आठवडाभर सांगावं लागतं, तो तिथे पांढरा झब्बा घालून सतरंजीवर बसतो आणि श्वास किती घ्यायचा, किती धरायचा, कोणत्या नाकपुडीने सोडायचा हे निम्म्या पनवेलला शिकवतो. बरं, शिकवा बापडे. सकाळचा माझाही चहा शांतपणे होतो. पण होळीनंतर यांना कोरडा खोकला लागला, तो काही जाईना.

त्यात आमची लिफ्ट. तुम्ही आला होतात तेव्हा बंद होती, ती तशीच आहे. जिना चढताना हे प्रत्येक मजल्यावर थांबायला लागले. पण दम लागला म्हणून थांबलो असं कबूल करतील तर ते तुमच्या माहेरचे कसले! पहिल्या मजल्यावर मीटरच्या पेट्या निरखत उभे राहायचे, दुसऱ्यावर कुणाच्या दारावरचं तोरण. ते तोरण तिथे आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे, पण त्यातली कलाकुसर यांना या वर्षी दिसली. एकदा तर त्या घरातल्या बाईंनी हे दारापुढे इतका वेळ उभे बघून चहा विचारला, आणि यांनी तो घेतला, कारण नको म्हणायलाही दम उरला नव्हता. मी म्हटलं, दाखवा डॉक्टरांना. तर म्हणाले, हवा बदलली आहे. मी म्हटलं, हवा सगळ्यांचीच बदलली आहे, खोकताय तुम्ही एकटेच. तर म्हणाले, भस्त्रिका वाढवतो. (भस्त्रिका म्हणजे तो जोरजोरात भाता मारल्यासारखा प्रकार. खालच्या मजल्यावरची पोरं घाबरतात.) शेवटी मी संप केला. डॉक्टरकडे जात नाही तोवर घरात चहा नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या चहाच्या वेळेला गडी चप्पल घालून दारात उभा.

इथल्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि चेहरा एकदम गुळगुळीत केला. डॉक्टरने चेहरा गुळगुळीत केला की समजावं, काहीतरी लपवतोय. त्यांनी आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथले डॉक्टर इंद्रजीत म्हणून आहेत, वयाने आमच्या अथर्वएवढेच, पण बोलणं पोक्त. त्यांनी सीटी स्कॅन केला आणि सांगितलं, दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी जाळी धरायला लागली आहे. जे मऊ असायचं ते कडक होत चाललंय. मग प्रश्नांची सरबत्ती. विडी-सिगरेट? नाही. धुळीतलं काम? नाही, जन्मभर पाण्याचं. कबुतरं पाळता? त्यावर हे म्हणाले, आम्ही पाळत नाही, त्यांनी परस्पर आमची गॅलरी घेतली आहे. डॉक्टरांनी तेही गंभीरपणे लिहून घेतलं आणि आधी गॅलरी बंद करून घ्या म्हणाले. (त्याच आठवड्यात करून घेतली.) वन्सं, जाळी मला एकच ठाऊक, दिवाळीच्या आधी काठीला केरसुणी बांधून मी छताची काढते ती. यांच्या छातीतली कुणी काढायची? आणि हे शेजारी बसून डॉक्टरांना विचारतायत, तुमची बसण्याची पद्धत चुकीची आहे, पाठीला बाक का आलाय?

मग डॉक्टरांनी एमआरआयचं काढलं. म्हणाले, जाळी कुठे आहे ते सीटीत दिसलं, पण फुफ्फुसाचा कोणता भाग अजून काम करतोय, हवा कुठवर पोचते आणि रक्त कुठवर, हे त्यात नीट कळत नाही. शिवाय आता दर काही महिन्यांनी बघावं लागणार, आणि दर खेपेला अंगात किरण घालायचे नाहीत. एमआरआय मला माहीत होता, माझ्या गुडघ्याचा झालाय. पण फुफ्फुसाचा म्हणे पूर्वी धड येतच नसे, कारण ते यंत्र अंगातल्या पाण्यावर चालतं आणि फुफ्फुसात सगळी हवाच. (पाण्यावाचून काम अडलं हे ऐकून पाटबंधारे खात्याची छाती जरा फुगली.) आता नवी पद्धत निघाली आहे. फुफ्फुस फुगताना आणि बसताना यंत्र भराभर फोटो काढत राहतं, शेकड्यांनी, आणि कॉम्प्युटर त्यावरून ताडतो की हवा कुठे जाते आणि कुठे जात नाही. इंजेक्शन नाही, किरण नाहीत, श्वाससुद्धा रोखायचा नाही. अट एकच. दहाएक मिनिटं न हलता पडून राहायचं आणि साधा श्वास घ्यायचा. हे ऐकून तुमचे बंधू हसले. उठून डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, श्वासाची काळजी तुम्ही सोडा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बरं, वर्गात जाऊन काय सांगितलं असेल? मला बरं नाही म्हणून? छे! पडलं तरी नाक वर. सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलात फुफ्फुसांवर नवं संशोधन चाललंय आणि त्यांनी मला बोलावलंय. (संशोधन चाललंय हे खरं, बोलावलंय हेही खरं. खोटं म्हणून एक अक्षर नाही. सरकारी नोकरीत माणूस काय काय शिकतो.) वर्गात कोन गावचे आनंदाशेठ आहेत. वाडवडील मिठागरावर राबले, आता त्यांच्या दारात गाड्या आहेत, पण माणूस साधा आणि गुरुजींवर भारी जीव. ते तिथल्या तिथे उभे राहिले आणि म्हणाले, गुरुजी, तुमी रिक्षानं जायाचं नाय, माजी गाडी हाय. त्यामुळे आमची वरात आनंदाशेठच्या गाडीतून निघाली. पुढे हे, मागे मी, आणि माझ्या मांडीवर एक भला मोठा हार, शाल आणि नारळ, कारण तपासणी झाल्यावर सत्कार करायचा होता. डॉक्टरांचा की यांचा, ते ठरायचं होतं.

यंत्रावर मिताली नावाची मुलगी होती, रोडपालीची. बोलायला गोड पण कामात पक्की. तिने आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. यांच्या हातात ते तांब्याचं कडं आहे ना, पित्तासाठी घातलेलं, ते काढायला तयार होईनात. तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे शाळेतलं शास्त्र तिला शिकवायला लागले. ती म्हणाली, बरोबर आहे आजोबा, पण ते तापतं. यातलं "तापतं" यांना पटलं, "आजोबा" पटलं नाही. मग यांच्या पोटाला एक पट्टा बांधला, छातीवर पिंजऱ्यासारखं काहीतरी ठेवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि भट्टीत पाव सारावा तसं त्या नळीत सारलं. मी काचेच्या अलीकडे, मितालीशेजारी स्टुलावर. (आत थांबायचं तर मंगळसूत्र काढा म्हणाले. एरवी काढलं असतं, गुडघ्याच्या वेळी काढलंच होतं. पण त्या दिवशी नाही काढलं.)

मितालीच्या पुढ्यातल्या पडद्यावर यांच्या पोटाच्या पट्ट्याची एक रेघ दिसत होती. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. ती माईकवर म्हणाली, आजोबा, आता साधा श्वास घ्या. आणि वन्सं, रेघ जी चढायला लागली ती पडद्याच्या बाहेर गेली. यांनी पोटापासून गळ्यापर्यंत छाती भरली, धरली, आणि मग सोडायला लागले ते सोडतच राहिले. मिताली माझ्याकडे बघते, मी छताकडे बघते. तिने पुन्हा सांगितलं, असा नको, नेहमीसारखा. तर आत उजवा हात हलायला लागला. नाकाकडे निघालेला! अनुलोम-विलोम! नळीत जागा कुठली, कोपर धाडकन आपटलं आणि होते नव्हते ते फोटो सगळे वाया. तिसऱ्या खेपेला तिने बजावलं की आजोबा, तुम्ही काहीच करू नका, अगदी काहीच नाही. तर यांनी खरोखरच काही केलं नाही. रेघ सपाट. मी स्टुलावरून उठलेच. मिताली माईकवर ओरडली, आजोबा, श्वास घ्या, श्वास! तेव्हा आतून अगदी शांतपणे उत्तर आलं की तुम्हीच म्हणालात, काही करू नका.

मग यांना बाहेर आमच्या खोलीत आणून पाणी दिलं. मी चांगलं फैलावर घ्यायच्या तयारीत होते, पण यांचा चेहरा बघितला आणि ते राहूनच गेलं. एवढंसं तोंड झालं होतं. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "मला येत नाहीये गं." वन्सं, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. पोळ्या करायला घेतल्या होत्या तेव्हासुद्धा नाही. दुसऱ्यांना श्वास शिकवता शिकवता स्वतःचा साधा श्वास कुठे ठेवला ते हा माणूस विसरून गेला होता. आणि फोटो आले नाहीत तर डॉक्टरांना पुढचं काही ठरवता येणार नव्हतं. यावरचं औषध म्हणजे काही खोकल्याची बाटली नव्हे, द्यायचं की थांबायचं, दिलं तर किती, हे त्या फोटोंवर होतं.

मितालीने मला बाजूला घेऊन विचारलं, आजी, घरी हे शांत पडून साधा श्वास कधी घेतात? मी वैतागले होते, म्हटलं, बाई, मी बोलत असते तेव्हा. खुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात. ऐकत काही नाहीत, पण छाती वरखाली होत असते, म्हणून मी आपली बोलत राहते. त्या पोरीने तेवढंच पकडलं. मग यांना पुन्हा आत सारलं, माईक माझ्या पुढ्यात ओढला आणि म्हणाली, बोला.

आता बोला म्हणजे काय बोला? जन्मात कधी मला विषय शोधावा लागला नाही, पण तो माईक पुढे आला आणि माझी दातखीळ बसली. मी म्हटलं, हॅलो, मी शशिकला बोलतेय. आतून "बरं" आलं. रेघ वेडीवाकडी. तेवढ्यात मला वाल आठवले. आदल्या दिवशी मी यांना बिरड्यापुरते पावशेर वाल आणायला पाठवलं होतं आणि हे दोन किलो कडवे वाल घेऊन आले. का, तर विकणारी म्हातारी फार भली होती म्हणे. अहो, म्हातारी भली असेल, पण ती सोलायला येणार आहे का? भिजवायचे मी, मोड आणायचे मी, एकेक दाणा हातात घेऊन साल काढायची मी, आणि बोटं काळी होणार माझी! एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. वालांवरून मोरीतल्या गळक्या नळावर आले, नळावरून अथर्ववर (आठवड्यातून एक फोन, तोही गाडी चालवताना), अथर्ववरून आभावर, की सून आहे म्हणून तेवढा तरी होतो, तिथून यांच्या बनियनवर आले, जे फरशी पुसायलाही मी घेणार नाही आणि हे अंगात घालून दूधवाल्यापुढे जातात. आणि मितालीने एकदम माझा दंड दाबला. पडद्याकडे बोट दाखवलं.

रेघ सरळ लागली होती, वन्सं. वर, खाली, वर, खाली, लहान लहान, एकसारखी. इतकी वर्षं या श्वासाशेजारी मी संसार केला आणि तो दिसतो कसा हे मला त्या दिवशी कळलं. मिताली खूण करत होती, थांबू नका. दुसऱ्या पडद्यावर फोटो उमटायला लागले होते. करड्या रंगाची दोन फुफ्फुसं उघडत होती, मिटत होती. वरच्या बाजूला छान फुगत होती. तळाशी मात्र, उजवीकडे, एका जागी काही हलतच नव्हतं. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या डोक्यातले नळ, वाल, बनियन सगळं एकदम पुसलं गेलं आणि मी माईकवर म्हणून गेले, "अहो, मला फार भीती वाटतेय. तुम्ही मला सोडून कुठे जायचं नाही."

रेघ थांबली. मग एवढा मोठा उसासा आला की पडद्याच्या टोकाला लागला. मितालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात बटणावरून हलला नाही. ती हळूच म्हणाली, "आजी, वालांचं बोला." मग मी पदराने नाक पुसलं आणि पुन्हा वालांवर आले. काय बोलले ते आता आठवत नाही, बहुतेक सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलले. पण रेघ हळूहळू जागेवर आली आणि फोटो पुरे झाले.

हे बाहेर आले तेव्हा आनंदाशेठ हार घेऊन दारातच उभे. यांच्या गळ्यात हार, खांद्यावर शाल. बाकावर बसलेल्या पेशंटांना वाटलं, हा माणूस बरा होऊन निघाला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी हात जोडून त्या स्वीकारल्याही. गाडीत बसल्यावर मात्र हार काढून मागे माझ्या मांडीवर दिला. मी खिडकीबाहेर बघत होते. मला आपली लाज वाटत होती, सगळ्यांदेखत काहीबाही बोलून गेल्याची. कळंबोलीचा पूल आला तसे हे पुढूनच, मागे न वळता म्हणाले, "दोन किलो नव्हते. दीड होते." म्हणजे ऐकत होते! मला वाटायचं, माझं बोलणं म्हणजे यांना पंख्याचा आवाज.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी रंगीत चित्र दाखवलं. हवा नीट पोचते तिथे हिरवं, कमी पोचते तिथे पिवळं, आणि पोचतच नाही तिथे काळं. हिरवं पुष्कळ होतं. काळं दोन्ही तळांशी, उजवीकडे जास्त. यांनी विचारलं, पास झालो का? डॉक्टर म्हणाले, झालात, पण पुढच्या परीक्षेला बसायचं आहे. जे काळं झालंय ते हिरवं होणार नाही, पण लवकर सापडलंय, औषधाने पुढे पसरणं बरंच थोपवता येईल. दर चार महिन्यांनी याच यंत्रात बघायचं. चालायचं, हसायचं, बोलायचं. भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं, छातीवर जोर काढणं सगळं बंद. हे मान खाली घालून बसले होते. मी मनात म्हटलं, चला, आता तरी सुटलो. पण कसचं काय, घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या पनवेलात बारशापासून वाढदिवसापर्यंत फ्लेक्स लागतो हे तुम्ही पाहिलंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीला निघाले, तर बागेच्या फाटकावर हे! पुरुषभर उंच! नोकरीतल्या निरोप समारंभातला फोटो, गळ्यात हार, आणि खाली: "श्वासमहर्षी गुरुवर्य कमलाकरजी यांच्या फुफ्फुसांची अत्याधुनिक यंत्रावर तपासणी यशस्वीरीत्या संपन्न झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, आनंदाशेठ मित्रमंडळ, कोन." आणि तळाला मित्रमंडळाचे गॉगल घातलेले फोटो. हृतिक म्हणून आनंदाशेठचा पुतण्या आहे, तो तर मोबाईलवर बोलतानाचा. वन्सं, मी भाजीची पिशवी तोंडावर धरून हसले आणि हसता हसता रडले, तिथेच, रिक्षावाल्यांसमोर. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या फुफ्फुसांचं अभिनंदन फाटकावर लागलंय, तो माणूस त्याच फाटकातून आत जाऊन कुठल्या तोंडाने सांगणार, की मला दम लागतो? हे अजून रोज पहाटे जातात. आत काय करतात ते बघायला मी जात नाही, माझ्याच्याने बघवणार नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, यांना त्रास होईल असं काही करू नका. तेव्हापासून मी जिभेला कुलूप घातलंय. शप्पथ. यांना जे जे बोलायचं राहून गेलं ते सगळं तुम्हाला लिहिलं, म्हणून हे मारुतीचं शेपूट झालं. तुमच्या तब्येतीला जपा. कानाचं यंत्र लावा. तुमच्या आशीर्वादाने सगळं नीट होईल, असं मी धरून चालते, दुसरं मला काही धरताच येत नाही.

तुमची,
शशिकला

ता. क. : मुख्य सांगायचं राहिलंच. यांना तुम्ही एक कडक पत्र लिहा. आई गेल्यावर तुम्हीच यांना वाढवलंत, तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. वर्ग बंद म्हणजे बंद, असं लिहा. मी सांगितलं म्हणून लिहू नका, तुम्हाला स्वप्न पडलं म्हणा.

ता. क. दुसरा : फार कडक नको. निम्मंच कडक लिहा. हल्ली लगेच डोळ्यांत पाणी येतं यांच्या.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे ते ओळखशील) : ताई, मी कमलाकर. शशी गिरणीवर दळण आणायला गेली आहे आणि पाकीट अजून चिकटवायचं आहे. लोणच्याच्या कृतीला एवढी पानं लागत नाहीत, एवढी अक्कल मला आहे. सगळं वाचलं. पेपर मी कधीही उलटा धरलेला नाही. बाकीचं साधारण खरं आहे.

वर्गाबद्दलचं पत्र मला लिहू नकोस, त्याची गरज उरली नाही. परवा मी सगळ्यांना बसवून काय झालंय ते सांगून टाकलं. मला वाटलं होतं सगळ्यांची तोंडं उघडी राहतील. आनंदाशेठ म्हणाला, "गुरुजी, आमाला ठाव हाय. तुमी मोजता मोजता खोकता, तवा पुढचं आमी मनात मोजतो." त्यांनी मला एक खुर्ची आणून दिली आहे. मी बसतो आणि नुसते आकडे म्हणतो. भस्त्रिका सगळ्यांचीच बंद केली, कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. हे शशीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणेल आणि आत जाईल, आणि ते मला सोसणार नाही.

खरं दुखणं ते आहे, ताई. तुला तिने पानंच्या पानं लिहिली. माझ्याशी ती बोलत नाही. म्हणजे बोलते, पण चहा ठेवू का, गोळी घेतली का, एवढंच. मी ओला टॉवेल गादीवर टाकला, मुद्दाम. तिने उचलून वाळत घातला. दूध बघायला सांगितलं होतं ते उतू घालवलं, तेही मुद्दाम. ओटा पुसला आणि असू दे म्हणाली. काल मी चपला घालून स्वयंपाकघरात गेलो, तर माझ्याकडे बघून हसली. ती तशी हसली की मला त्या चित्रातल्या काळ्याची भीती वाटते, एरवी वाटत नाही. औषधाने आराम आहे, जिना आता एकदाच थांबून चढतो. पण घरात पाऊल टाकलं की शांतता असते आणि मी परत श्वास मोजायला लागतो.

तेव्हा तू एवढं कर. पत्र मला नको, तिला लिही, आणि पूर्ण कडक लिही. आमच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी तुझ्या सासूबाईंना मानाची साडी हलकी दिली, ते उकरून काढ. नाहीतर दुसरं काहीही काढ, तुला सुचवायची गरज नाही. तिचा पारा असा चढला पाहिजे की ती ते पत्र हातात घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहील आणि तुझ्यासकट माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. चांगली तासभर बोलू दे तिला. मी चाळीस वर्षं सगळं ऐकत आलो आहे, हे मात्र तिला कळवू नकोस.